भाड्याच्या गाड्यांच्या चाव्यांचा हिशेब ठेवा: वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वाहतूक मंत्री,
गोवा राज्य, पणजी.

महोदय,

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या मोटारी गोव्यात रोज अनोळखी हातांत चावीसकट सोपवल्या जातात. त्यांच्या सुरक्षिततेसाठी आपल्या खात्याने एक साधी नोंद सुरू करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आजच्या बहुतेक मोटारींच्या चावीत, प्लास्टिकच्या मुठीच्या आत, नखाएवढी चिप असते. तिला सेल लागत नाही. चावी इंजिन सुरू करण्याच्या कुलपात घातली की कुलपाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून येणाऱ्या रेडिओ लहरींवर ती जागी होते आणि आपला संकेत गाडीच्या संगणकाला कळवते. नव्या पद्धतीत संगणक दर वेळी वेगळी संख्या पाठवतो व गुप्त सूत्राने काढलेले उत्तर मागतो. उत्तर चुकले तर इंधन किंवा ठिणगी रोखली जाते. म्हणूनच बाजारात घासून घेतलेल्या साध्या डुप्लिकेट चावीने दार उघडते, कुलूपही फिरते, पण इंजिन चालू राहत नाही आणि डॅशबोर्डवरचा चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राहतो. तारा जोडून गाडी पळवण्याचा जुना मार्गही इथेच बंद होतो.

इमोबिलायझर नावाची ही सोय किती परिणामकारक आहे, याचा पुरावा बाहेर मिळतो. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला, आणि नेदरलँड्समधील एका अभ्यासात त्यामुळे मोटारचोरी सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. उलट अमेरिकेत इमोबिलायझर नसलेल्या ह्युंदाई आणि किया मोटारींच्या चोऱ्या २०२१ नंतर झपाट्याने वाढल्या. कॅनडात मात्र २००७ पासून तो सक्तीचा असल्याने तिथल्या मोटारी त्या लाटेतून बऱ्याच वाचल्या.

कुलूप इतके भक्कम झाल्यावर चोराची नजर चावीकडेच वळणार, आणि गोव्याची खरी अडचण नेमकी हीच आहे. गाडी दोन दिवस कायदेशीरपणे ताब्यात असलेला माणूस स्टिअरिंगखालच्या तपासणी सॉकेटला यंत्र लावून अनेक मॉडेलांत आणखी एक चावी गाडीच्या स्मृतीत नोंदवू शकतो, मूळ चावी हसतमुखाने परत करू शकतो आणि महिन्याभराने कळंगुट किंवा कोलवा येथे उभी असलेली तीच गाडी सहज घेऊन जाऊ शकतो. काच फुटलेली नसते, कुलूप मोडलेले नसते, आणि मालकाकडे दोन्ही चाव्या असूनही त्याच्याच बोलण्यावर विमा कंपनी शंका घेते, हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे.

यावर उपायही गाडीतच आहे. अनेक मोटारींत किती चाव्या नोंदलेल्या आहेत हे कार्यशाळेत वाचता येते, अनोळखी चावी पुसूनही टाकता येते. भाड्याच्या मोटारींना योग्यता प्रमाणपत्र घ्यावेच लागते. त्याच वेळी अधिकृत कार्यशाळेचा चाव्यांच्या संख्येचा दाखला मागावा. गाडी दुसऱ्याच्या नावावर होतानाही जुन्या चाव्या पुसल्याची नोंद व्हावी. भाड्याच्या स्कूटरांचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यांपैकी बहुतेकांत इमोबिलायझरच नाही. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

तांत्रिक निकष केंद्र ठरवते, हे मी जाणतो. पण मी मागतो आहे तो एका ओळीचा दाखला आहे, आणि येत्या पर्यटन हंगामाआधी तो पणजी, म्हापसा व मडगाव येथील कार्यालयांत सुरू करावा, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक वाहनधारक, म्हापसा