मोकळ्या कुत्र्याच्या धडकेने झालेल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारल्याबद्दल तक्रार

पारोळा, जि. जळगाव
दि. २३ जून २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटार विमा दावे विभाग

विषय : दि. २८ एप्रिल २०२५ च्या अपघाताचा दावा नाकारल्याबाबत फेरविचाराची मागणी.
संदर्भ : आपले दि. ९ जून २०२५ चे पत्र. (पॉलिसी व दावा क्रमांक सोबतच्या प्रतींवर आहेत.)

महोदय/महोदया,

मी पारोळ्यात बी-बियाणे व खतांचे दुकान चालवतो. माझ्या ११९७ सीसीच्या पेट्रोल गाडीचा सर्वसमावेशक विमा आपल्याकडे असून त्याचे हे तिसरे वर्ष आहे. पहिल्या दोन वर्षांत मी एकही दावा केलेला नाही. दि. २८ एप्रिल रोजी महामार्गावर अचानक आडव्या आलेल्या कुत्र्याला धडक बसून गाडीचे नुकसान झाले. त्याचा दावा आपण बेचाळीस दिवसांनी नाकारला असून त्यासाठी दिलेले एकही कारण मला पॉलिसीत सापडले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घडले ते असे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, हे खान्देशात कोणाला सांगावे लागत नाही. आपले कार्यालय मुंबईत असल्याने एवढे नमूद करतो की यंदा आखाजी ३० एप्रिलला होती आणि मी दोन दिवस आधी मुलीला व नातवाला आणायला भुसावळला गेलो होतो. उन्हाची तलखी उतरल्यावर निघू, म्हणून आम्ही साडेपाचला तिथून निघालो. जळगाव व एरंडोल मागे टाकून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने पारोळ्याकडे येत असताना, सव्वासातच्या सुमारास, एका ढाब्यासमोर दुभाजक जिथे फुटलेला आहे तिथून एक मोठा तपकिरी कुत्रा धावत माझ्या गाडीसमोर आला. गाडीचा वेग पंचावन्न ते साठच्या दरम्यान होता. मागे केळीने भरलेला ट्रक अगदी जवळ होता, त्यामुळे करकचून ब्रेक मारला असता तर ट्रक आमच्यावर आला असता, आणि डावीकडे वळवली असती तर ढाब्यासमोर बाजांवर बसलेली माणसे होती. मी ब्रेक दाबत गाडी सरळ ठेवली. याहून वेगळे काय करायला हवे होते, ते आपल्या पत्रातही सांगितलेले नाही. तिथे फक्त ‘चालकाने पुरेशी काळजी घेतल्याचे दिसत नाही’ एवढे एक वाक्य आहे.

धडकेने पुढचा बंपर मधोमध फुटला, जाळी आत गेली आणि नंबर प्लेट वाकून बंपरखाली लोंबू लागली. मी गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद केले, तोवर खाली हिरवट पाणी टपकायला लागले होते. कुत्रा दहा-बारा मिनिटे जिवंत होता. माझ्या मुलीने बाटलीतले पाणी त्याच्या तोंडात घातले, पण तो वाचला नाही. ढाब्यावरच्या स्वयंपाक्याने त्याच्यावर गोणपाट टाकले. हा तपशील दाव्याच्या कामाचा नाही हे मला समजते. मात्र त्या कुत्र्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा होता आणि पट्ट्याला साखळीच्या तीन कड्या लटकत होत्या, शेवटची कडी उघडलेली होती, हे मात्र कामाचे आहे. त्याचे छायाचित्र मी त्याच वेळी काढले असून ते पहिल्या दिवसापासून आपल्याकडे आहे. ढाब्याच्या मालकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “हाऊ आमना नही शे भाऊ, आठेज फिरत ऱ्हास.” म्हणजे कुत्रा आमचा नाही, इथेच फिरत असतो. साखळी कोणी बांधली, यावर तो काही बोलला नाही.

आता आपल्या पत्राकडे वळतो. आपले पहिले कारण असे की सदर कुत्रा पाळीव असल्याचे छायाचित्रावरून दिसते, सबब नुकसानीची जबाबदारी त्याच्या मालकाची असून विमाधारकाने भरपाई त्याच्याकडून वसूल करावी. त्याच पत्राच्या पुढच्या परिच्छेदात असे म्हटले आहे की महामार्गावर मोकाट जनावरे येणे अपेक्षित असते, त्यामुळे हा प्रसंग आकस्मिक मानता येत नाही. एकाच पत्रात तो कुत्रा आधी पाळीव आणि नंतर मोकाट झाला आहे. दोन्हींपैकी कोणते खरे मानायचे हे आपण आधी ठरवावे, अशी विनंती करावीशी वाटते. पण खरे सांगायचे तर दोन्हींपैकी काहीही खरे असले तरी माझ्या दाव्याला फरक पडत नाही.

तो पाळीव होता असे धरू. जनावर मोकळे सोडून दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्याकडून भरपाई मागता येते, हे मला मान्य आहे. माणसाच्या जिवाला धोका होईल अशा तऱ्हेने जनावराबाबत हयगय करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हाही आहे. पण त्या मालकाचा आणि माझा कसलाही करार नाही. करार आहे तो माझा आणि आपला, आणि त्याचा हप्ता मी दरवर्षी मुदतीच्या आत भरला आहे. विम्याच्या धंद्यात सबरोगेशन म्हणतात तो हक्क नेमका अशा प्रसंगासाठी असतो: कंपनीने विमाधारकाला भरपाई द्यावी आणि मग विमाधारकाच्या जागी उभे राहून खऱ्या जबाबदार माणसाकडून ती वसूल करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली एका मालवाहतुकीच्या प्रकरणात या हक्काचा सविस्तर ऊहापोह केला आहे आणि आपल्या कायदा विभागाला तो निश्चित माहीत असणार. आपण मात्र क्रम उलटा केला आहे. आधी मी त्या ढाबेवाल्याशी भांडावे, कुत्रा त्याचाच होता हे तीन कड्यांवरून सिद्ध करावे, दावा चालवावा, आणि ते जमले नाही तर माझे नशीब, असा आपल्या पत्राचा अर्थ होतो. हे सगळे मलाच करायचे असेल तर मी विमा कशाचा उतरवला? आपल्याला वसुली करायची असल्यास छायाचित्रे, जागेचा पत्ता आणि माझा व मुलीचा जबाब देण्यास मी तयार आहे. तसे लेखी या पत्रानेच देत आहे.

तो मोकाट होता असे धरले तर प्रश्न आणखी सोपा होतो. पॉलिसीच्या पहिल्या भागात ज्या कारणांनी झालेले नुकसान भरून देण्याची हमी आहे, त्यांत आग, चोरी, पूर, भूकंप यांच्याबरोबर ‘आकस्मिक बाह्य कारण’ हे स्वतंत्रपणे लिहिलेले आहे. अपवादांची यादी मी दोनदा वाचली. दारू पिऊन चालवणे आहे, परवाना नसणे आहे, झीज व यांत्रिक बिघाड आहे, युद्ध आहे. कुत्रा, गाय, म्हैस, रानडुक्कर यांपैकी काहीही नाही. महामार्गावर जनावर येऊ शकते म्हणून ते आकस्मिक नाही, हे तत्त्व लावले तर ट्रकही येऊ शकतो आणि पावसाळ्यात नाल्याला पूरही येऊ शकतो. मग उरलेच काय?

दुसरे कारण प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर, सादर न केल्याचे आहे. आपले सर्व्हेअर दि. २ मे रोजी जळगावच्या वर्कशॉपमध्ये आले तेव्हा त्यांनी तो तोंडी मागितला. मी दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या ठाणे अंमलदारांनी माझा अर्ज घेऊन स्टेशन डायरीत नोंद केली, अर्जाच्या प्रतीवर शिक्का दिला आणि विचारले की गुन्हा नोंदवायचा तर आरोपी कोण दाखवू, तुम्हाला की ढाबेवाल्याला? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कुत्रा गाडीखाली येऊन मेल्याबद्दल एका दुचाकीस्वार तरुणावर नोंदवलेला गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये रद्द केला, आणि तो करताना बेदरकार वाहन चालवण्याची व दुखापतीची कलमे माणसांच्या संदर्भातली आहेत, असे स्पष्ट केले. कोणी माणूस जखमी नाही, दुसरे वाहन नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान नाही. अशा वेळी नोंदवता न येणारा गुन्हा मी कुठून आणू? शिवाय विमा नियामक प्राधिकरणाच्या जून २०२४ च्या परिपत्रकात, केवळ कागदपत्रांअभावी कोणताही दावा नाकारू नये असे म्हटलेले आहे. शिक्क्याची प्रत मी दि. ५ मे रोजी ईमेलने पाठवली. आपल्या पत्रात तिचा साधा उल्लेखही नाही.

तिसरे कारण मला सर्वांत जास्त लागले, कारण त्यात माझ्या वागण्यावर शंका आहे. रेडिएटर व एसीचा कंडेन्सर यांचे नुकसान ‘अपघातानंतर गाडी चालवत ठेवल्याने वाढलेले’ आहे, असे आपण म्हणता. पाणी गळत असताना गाडी चालवली आणि इंजिन जळाले तर तो खर्च कंपनी देत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच मी इंजिन बंद केल्यावर पुन्हा किल्लीला हात लावला नाही. रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी मी आपल्या टोल फ्री क्रमांकावर कळवले; त्याचा संदेश मोबाइलवर आहे. नातवाला घेऊन मुलगी एका ओळखीच्या गाडीतून पुढे गेली आणि मी साडेदहापर्यंत तिथेच थांबलो, टो करणारी गाडी येईपर्यंत. अपघाताच्या जागी काढलेल्या छायाचित्रात किलोमीटरचा आकडा ३१,८४६ आहे. वर्कशॉपच्या जॉब कार्डावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, आकडा ३१,८४६ आहे. दोन्ही कागद आपल्या सर्व्हेअरकडे होते. इंजिनचे तर एका रुपयाचेही काम निघालेले नाही. कंडेन्सर व रेडिएटर जाळीच्या लगेच मागे असतात, जाळी आत गेली तेव्हाच ते फुटले, हे वर्कशॉपच्या फोरमनने लिहून दिलेले आहे.

मागणीच्या रकमेबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण व्यवहारात आकडा मोघम ठेवण्याची मला सवय नाही. वर्कशॉपचे करांसह बिल ५३,७०० रुपये झाले. त्यात बंपर, जाळी व खालचे प्लास्टिकचे आवरण मिळून १४,९०० रुपये आहेत. प्लास्टिकवर निम्मा घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, जातो म्हणून ७,४५० मी वजा केले. रेडिएटर, कंडेन्सर व त्यांचा पुढचा लोखंडी सपोर्ट यांचे २४,६०० झाले. गाडी दोन वर्षे चार महिन्यांची असल्याने त्यावर १५ टक्के, म्हणजे ३,६९० वजा. रंगकामाच्या ५,६०० पैकी चौथाई सामानाचे धरतात, त्यावर निम्मा घसारा, म्हणजे ७०० वजा. कूलंट व गॅसचे २,१०० पॉलिसीत येत नाहीत, तेही वजा. सक्तीची वजावट १,००० आहे, ती गेली. मजुरीत घसारा नाही. उरतात ३८,७६० रुपये. गाडी ओढून नेण्याचे मी २,२०० दिले, पण पॉलिसीत त्याची मर्यादा १,५०० आहे, म्हणून तेवढेच धरतो. एकूण ४०,२६० रुपये. घसारा न कापता भरपाई देणारे झिरो डेप्रिसिएशनचे जादा कवच मी घेतलेले नव्हते आणि ते घेतल्यासारखी मागणीही करत नाही.

तरी माझी मागणी अशी आहे की दि. ९ जूनचे पत्र मागे घेऊन ४०,२६० रुपये, विलंबाबद्दल नियमाने देय असलेल्या व्याजासह, पॉलिसीशी जोडलेल्या माझ्या बँक खात्यात जमा करावेत, आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मला द्यावी. ती मी दोनदा मागितली आहे. ज्या अहवालाच्या आधारे माझे पैसे अडवले तो मलाच दाखवला जात नाही, हे योग्य नाही. ढाबेवाल्याविरुद्ध काही करायचे असेल तर तो निर्णय आपला. मी साक्षीला येईन.

हे पत्र मिळाल्यापासून चौदा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ते न मिळाल्यास किंवा पुन्हा तेच उत्तर आल्यास मी विहित मुदतीनंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार करीन. जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मला मोकळा आहे आणि त्यासाठी कायद्याने दोन वर्षांची मुदत दिलेली आहे. तिकडे जाण्याची मला हौस नाही. सध्या कापसाच्या लागवडीचे दिवस आहेत, दुकानात सकाळी सातपासून शेतकऱ्यांची रांग असते आणि हे पत्रही मी तीन रात्री बसून लिहिले आहे. पण लागवड आटोपली की मला वेळच वेळ असतो, याचीही आपण नोंद घ्यावी.

सोबत पॉलिसीची प्रत, आपले नकाराचे पत्र, वर्कशॉपचे बिल व जॉब कार्ड, फोरमनचे पत्र, टो केल्याची पावती, पोलीस ठाण्याच्या शिक्क्याची प्रत आणि सात छायाचित्रे जोडली आहेत. साखळीच्या कड्यांचे छायाचित्र चौथे आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
पॉलिसीधारक
(स्वाक्षरी)