गुडघ्यातले ‘वंगण’ आणि कूर्चा

महोदय,

भाताची रोपलावण आटोपली की खानापूर तालुक्यात गुडघेदुखीची चर्चा सुरू होते आणि ‘वंगण संपले’ असे निदान शेजारीपाजारीच करून मोकळे होतात. प्रत्यक्षात बहुधा झिजते ती हाडांच्या टोकांवरील कूर्चा. या गुळगुळीत आवरणात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. चालताना ते दाबले जाते, दाब सुटताच स्पंजाप्रमाणे सांध्यातील द्रव शोषून घेते आणि त्यातूनच त्याच्या पेशींना पोषण मिळते, म्हणून दुखते म्हटल्यावर महिनोन्‌महिने अंथरूण धरणे हा उपाय नव्हे. रक्तपुरवठाच नसल्याने एकदा झिजलेली कूर्चा सहसा भरून येत नाही. हाडाचे तसे नाही: त्यातील काही पेशी जुना भाग पोखरतात, काही नवा रचतात, आणि त्यामुळेच मोडलेले हाड नीट जागेवर बसवल्यास सांधले जाते. (हाडवैद्यांच्या कीर्तीचे अर्धे श्रेय खरे तर या पेशींचे!) साध्या एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, दिसते ते दोन हाडांमधील कमी झालेले अंतर, डॉक्टरांनी रुग्णाला ते दाखवून एवढे समजावले, तर ‘वंगणा’च्या महागड्या तेलांवरील खर्च तरी वाचेल.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)