हार्नेस विकत घेण्याआधी त्यात लटकून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल उजाडला की ठाण्यात पावसाळ्याआधीची छाटणी सुरू होते, नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर कुठंही जा, दोन गल्ल्यांआड एक तरी माणूस झाडावर दिसतोच. झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, परवानगी लागते, त्यावर लोक भांडतात आणि भांडायलाच पाहिजे. पण वर चढलेला माणूस कशाच्या आधारावर, म्हणजे कुठल्या हार्नेसमध्ये (कमरेला-मांड्यांना बांधून दोराला अडकवायचे पट्टे) लटकलाय हे कुणी विचारताना मला फारसं दिसलं नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. मी स्वतः सोळा वर्षं सोसायट्यांमधल्या झाडांची कामं करतोय.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नौपाड्यातल्या एका सोसायटीत गुलमोहराची छाटणी चालू होती, कंत्राटदार दुसरा होता, मी सहज थांबलो. वर विशीतला एक मुलगा, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, आणि त्याचा सेफ्टी बेल्ट शेजारच्या फांदीवर टांगलेला. खाली आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, काका हा मांडीत कापतो आणि सारखा मागून ओढतो, हात पुढे जातच नाही. त्यानं पँट गुडघ्यावर सरकवून दाखवली, मांडीच्या आतल्या बाजूला बोटभर रुंद जांभळा वळ उठला होता. लोक लगेच म्हणतात ही पोरं बेफिकीर आहेत, सेफ्टी दिली तरी वापरत नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. त्या मुलानं तासभर सहन केलं आणि मग काढला, कोणीही काढलाच असता.

त्याला दिलेला होता तो बांधकामावरचा फुल बॉडी हार्नेस, पाठीवर दोर अडकवायची कडी असलेला. तो वाईट नाही, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला चांगला मिळतो, पण तो बनवलाय परांचीवरून किंवा स्लॅबच्या कडेवरून माणूस पडला तर त्याला झेलायला. त्यात बसून काम करायचं नसतं. झाडावर मात्र आम्ही दोन-दोन तीन-तीन तास अक्षरशः त्या पट्ट्यात बसलेले असतो, सगळं वजन कमरेवर आणि मांड्यांवर. आणि पाठीच्या कडीवर माणूस हालचाल न करता लटकून राहिला तर पट्टे मांडीतल्या शिरा दाबतात, रक्त पायात साचतं, काही मिनिटांत चक्कर येऊन शुद्ध जाऊ शकते, वेळेत खाली उतरवलं नाही तर जिवावर बेततं. म्हणून आरामदायी हार्नेस म्हणजे चैन असं जे समजतात त्यांना मला हेच सांगायचंय, की जो बोचतो तो अंगावर राहत नाही आणि अंगावर नसलेला हार्नेस काही कामाचा नाही.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. मी ट्रेकिंगमधून आलो, मुंब्र्याच्या कड्यांवर चढायला शिकलो, त्यामुळे सुरुवातीची दोन वर्षं कड्यावर चढायचाच हार्नेस झाडावर वापरला. तो हलका असतो, चालायला छान, पण मांडीचे पट्टे अरुंद, पॅडिंग पातळ आणि बाजूला कड्या नाहीत. डोंगराच्या कड्यावर तुम्ही पायावर उभे असता, दोरावर बसता ते थोडा वेळ. पाऊण तासात माझे पाय बधिर व्हायचे आणि मी घाईघाईत करवत चालवायचो. घाईत करवत म्हणजे काय ते या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

झाडकामाचा हार्नेस वेगळा येतो. रुंद कंबरपट्टा, रुंद मांडीपट्टे, दोन्ही बाजूंना एकेक कडी, आणि पुढे दोराचा किंवा पट्टीचा एक छोटा तुकडा ज्याला ब्रिज म्हणतात, त्यावर एक रिंग इकडून तिकडे सरकते. गुलमोहरासारखं पसरलेलं झाड असलं की फांदीवर आडवं जावं लागतं, अंग डावीकडे वळलं की रिंगही सरकते आणि कंबर पिळत नाही. माडावर उलट, तिथं टेकायला फांदी नाही, खोडाभोवती दोर घालून बाजूच्या कड्यांवर रेलावं लागतं, तेव्हा त्या कड्या बरोबर कमरेच्या हाडाजवळ नसतील तर पट्टा वर सरकून बरगड्यांत घुसतो. म्हणून घेताना लेबलवर ईएन ८१३ आणि ईएन ३५८ असे युरोपियन मानकांचे दोन्ही नंबर बघा. पहिला बसून लटकण्यासाठी, दुसरा बाजूच्या कड्यांवर रेलून काम करण्यासाठी.

आणि नुसतं लेबल बघून घेऊ नका. मी आमच्या पोरांना पार्किंगमधल्या मजबूत बीमवरून जमिनीपासून फूटभर वर पंधरा मिनिटं लटकवतो, रोजची पँट घालून, करवत-कोयता सगळं कमरेला लावून. उभं राहून घातला की कुठलाही हार्नेस बराच वाटतो. लटकल्यावर खरं कळतं, पट्टा कमरेच्या हाडांच्या वर नीट बसतो का, मांडी आणि पट्ट्यात सपाट तळवा जाईल एवढीच जागा आहे का, वाकून फांदी धरताना जांघेत टोचतं का. एकाला जो गादीसारखा वाटतो तो दुसऱ्याला काचतो, माझा भाचा आणि मी एकाच उंचीचे पण त्याला चालतो तो मला दहा मिनिटं सहन होत नाही. फार जाड पॅडिंगच्याही मागे लागू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात ते घामानं चिंब होतं आणि ओल्या पॅडनं चामडी सोलते, जाळीदार अस्तर असलेलं बरं. रोज चढण्याआधी शिवण आणि ब्रिज बोटांनी चाचपून बघायचा, दोराचे धागे निघायला लागले की बदलायचा, आणि पेट्रोलच्या कॅनशेजारी हार्नेस कधी ठेवायचा नाही.

माझं म्हणणं सोसायट्यांच्या कमिट्यांना आणि छाटणीची टेंडरं काढणाऱ्यांना आहे. कागदावर "सेफ्टी बेल्ट" एवढेच दोन शब्द असतात आणि मग कंत्राटदार सगळ्यांना एकाच मापाचे सगळ्यात स्वस्त पट्टे घेऊन येतो. त्या जागी झाडकामाचा बसता हार्नेस असं लिहा, दोन-तीन मापांत आणायला सांगा, आणि काम सुरू व्हायच्या दिवशी सकाळी जो चढणार आहे त्याला तुमच्यासमोर पंधरा मिनिटं त्यात लटकायला लावा. तो म्हणाला काचतोय तर त्या दिवशी झाड तसंच राहू द्या.

आपला,
झाडकाम करणारा एक वाचक, वर्तकनगर, ठाणे