मध्यरात्री भरदुपारचा उजेड

महोदय,

मालिकांवरची टीका कथेपाशीच थांबते. एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहावा. मध्यरात्र, सासूबाई अंधारात रडताहेत म्हणे, आणि खोलीत भरदुपारचा उजेड! दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात, म्हणून दिवे सगळीकडून सारखेच लावतात. सावली पडत नाही, चेहरा सपाट दिसतो. मग ती उणीव झूमच्या तीन झटक्यांनी आणि पार्श्वसंगीताच्या ढणढणाटाने भरून काढायची. खिडकीच्या बाजूचा मुख्य दिवा तसाच ठेवून समोरच्या दिव्याचा उजेड पाव केला, तर चेहऱ्याची एक बाजू काळवंडते. संवादाआधीच संशय दिसतो. रोजच्या भागाच्या घाईत दिवे हलवायला सवड नसते, मान्य. निदान रात्रीच्या प्रसंगांना तरी १५ मिनिटे जास्त द्यावीत.

– एक वाचक, गोरेगाव, मुंबई