नमुना छापा, पण मापासकट

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी लागली की आपल्या पुरवणीत रंगवा-शिवा धर्तीचे उपक्रम सुरू होतात. पिशवीवर चित्र, उशीचा अभ्रा, लहानशी गोधडी. छायाचित्रं देखणी असतात, पण खालचा मजकूर ‘कापडी पिशवी घ्या, आवडीचं चित्र काढा, रंगवा, झाली तयार’ एवढ्यावर आटोपतो. तेवढ्या भरवशावर केलेली पिशवी पहिल्या धुण्यात फिकी पडते किंवा आखडते आणि खापर फुटतं रंगाच्या बाटलीवर. रंग बहुतेक वेळा चांगलाच असतो. कापड न धुता घेतलेलं असतं, इस्त्री घाईत फिरवलेली असते, नाहीतर शिवण आधी आणि रंग मागून असा उलटा कारभार झालेला असतो. म्हणून विनंती अशी, की नमुन्यासोबत माप, कामाचा क्रम आणि काम बिघडतं कुठे हे छापा. एका पिशवीपुरतं ते कसं असावं ते पुढे लिहीत आहोत.

कापड मांजरपाट घ्यावं, ४४ इंची पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं), एक मीटर. त्यात दोन पिशव्या बसतात. कोऱ्या मांजरपाटाला खळ, म्हणजे कांजी, असते आणि खळीवर रंग चढला तरी धाग्यात शिरत नाही. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्यात साबणाच्या पावडरीने धुवा, वाळवा, इस्त्री करा. खळ गेली की नाही हे ओळखायला पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर अजून एकदा धुवा, लगेच जिरला तर कापड तयार. या पहिल्या धुण्यात सुती कापड शेकडा तीन ते पाच तरी आखडतं, कधी जास्तही. हे आखडणं शिवण्याआधी व्हायला हवं.

धुतल्यावर साधारण ३७ इंच लांबी आणि ४२ इंच रुंदी हाती राहते. त्यातून १५ इंच रुंद आणि ३३ इंच लांब असे दोन तुकडे शेजारी शेजारी कापा. बाजूला १२ इंचांची उभी पट्टी उरते, तिच्यातून ४ इंच रुंद आणि २४ इंच लांब असे तीन बंद, म्हणजे पिशवी धरायचे पट्टे, निघतात. चौथा बंद खाली उरलेल्या ४ इंची आडव्या पट्टीतून घ्यायचा. आडव्या धाग्यावरचा हा बंद वजनाने थोडा ताणतो, त्यामुळे त्याच्या घडीत सुती नाडी घालून शिवावा, नाहीतर पिशवी एका खांद्याकडे कललेली दिसते. पन्हा ४१ इंचच उरला तर बंद साडेतीन इंचांचे कापा, बाकी मापं तीच. शेवटी १२ बाय १३ इंचांचा जो तुकडा राहतो तो फेकू नका. रंगाची आणि इस्त्रीची चाचणी त्याच्यावरच करायची आहे.

पिशवी एकसंध तुकडा मधोमध दुमडून होते, तळाला शिवण येत नाही. मात्र दोन्ही बाजूंना चित्र काढायचं असेल तर इथेच हमखास फसगत होते. सपाट कापडावर दोन्ही चित्रं एकाच दिशेने काढली तर शिवल्यावर एक उलटं लटकतं. दोन्ही चित्रांचे पाय मधल्या घडीकडे हवेत. तोंडाकडून तीन इंच, घडीपासून दोन इंच आणि दोन्ही कडांपासून दोन-दोन इंच सोडले की चित्रासाठी ११ बाय साडेअकरा इंचांची जागा मिळते. त्याबाहेर रंग गेला की तो शिवणीखाली येतो, आणि रंगाच्या जाड थरातून गेलेल्या सुईची भोकं कायमची राहतात.

चित्र काय काढावं हे ज्याचं त्याने ठरवावं. पण खान्देशातल्या मुलांनी दरवेळी सूर्यफूल आणि फुलपाखरूच का काढावं? रावेर-यावलकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी उभ्या असतात आणि मुलं केळीच्या पानाला शिरा मात्र आंब्याच्या काढतात, फांद्या फुटल्यासारख्या. केळीच्या पानाच्या शिरा मधल्या दांड्यातून जवळजवळ काटकोनात निघतात, एकमेकींना समांतर जातात आणि कडेपाशी जराशा वर वळतात. वाऱ्याने पान फाटतं तेही याच शिरांच्या रेषेत. म्हणून दोन-तीन ठिकाणी कडेपासून दांड्याकडे चीर दाखवली की पान बघणाऱ्याला ओळखावं लागत नाही. घड खाली लोंबतो, पण फण्यांमधली केळी वर वळलेली असतात. हीसुद्धा नेहमीची चूक.

कापसाचं झाडही कापडावर छान दिसतं. पान पंजासारखं, तीन ते पाच भागांचं. फूल पाच पाकळ्यांचं, उमलल्या दिवशी पिवळसर पांढरं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी, तेव्हा एकाच झाडावर दोन्ही रंगांची फुलं खुशाल काढा. अडचण येते ती फुटलेल्या बोंडाची. मळकट पांढऱ्या मांजरपाटावर पांढरा कापूस दिसतच नाही. त्यासाठी आधी वाळलेल्या बोंडाच्या तपकिरी पाकळ्या रंगवा, कापसाच्या खालच्या अंगाला पांढऱ्यात निळ्याचा जेमतेम थेंब मिसळून सावली द्या, आणि निव्वळ पांढरा फक्त वरच्या अंगाला ठेवा.

चित्र कापडावर उतरवायला भरतकामाचा पिवळा कार्बन वापरा. कचेरीतला निळा कार्बन धुऊनही जात नाही. पेन्सिलचं शिसं पिवळ्या-गुलाबी रंगात मिसळून तो मळका करतं, म्हणून रेघ अगदी हलकी हवी. हल्ली उष्णतेने पुसली जाणारी पेनं मिळतात. इस्त्रीने त्यांची रेघ जाते हे खरं, पण ती साधारण ६० अंशांना जाते. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या कापडावरून अख्खं चित्र नाहीसं होऊ शकतं, आणि कडाक्याच्या थंडीत गेलेली रेघ परत उमटू शकते.

रंग कापडाचेच हवेत, म्हणजे ॲक्रिलिक फॅब्रिक कलर. शाळेचे पोस्टर कलर धुण्यात वाहून जातात. त्यांच्यात फेव्हिकॉल मिसळण्याची शक्कल मुलं लढवतात, पण कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि ओलं झालं की तो थर पुन्हा मऊ पडतो. ब्रश सिंथेटिक केसांचे, गोल २ आणि ४ नंबर, चपटा ६ नंबर. रंगात पाणी चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर तो रेघ ओलांडून पसरतो. कापडाखाली पुठ्ठा आणि त्यावर प्लास्टिकचा कागद हवा. वर्तमानपत्र घालू नये हे आपल्या पानावर छापायला जरा अवघड जाईल, पण छापा. छपाईची शाई ओल्या कापडाला लागते.

कोवळ्या पानाला पिवळा तीन भाग आणि हिरवा एक भाग. जून पानासाठी हिरव्यात काळा न घालता थोडा तांबूस तपकिरी घाला, काळ्याने हिरवा मेल्यासारखा दिसतो. गडद बाह्यरेषा सगळ्यात शेवटी, खालचा रंग पूर्ण वाळल्यावर. अजिंठ्याच्या चित्रकारांचाही क्रम हाच होता: आधी गेरूची रेघ, मग रंग, मग पक्की रेघ. छतावरच्या चौकोनांमधली फुलं-फळं बघून आलेल्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

इथल्या हवेचा विचार बाहेरून उचललेल्या कृतींत नसतो. भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर गेला की रंग ब्रशवरच वाळतो. ताटलीत सुती फडक्याची ओली घडी, तिच्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग असं ठेवलं तर तो बराच वेळ ओला राहतो. रंगकाम सकाळी दहाच्या आत उरकावं. कूलरच्या झोतासमोर बसू नये, त्याचे तुषार ओल्या रंगावर पडून ठिपके उठतात. पावसाळ्यात सगळं उलट होतं. वरून कोरडा वाटणारा रंग आत ओला असतो आणि इस्त्रीच्या तळाला चिकटून येतो. म्हणून रंगवल्यावर पुरता एक दिवस जाऊ द्या. मग कापड उलटं करून, खाली जुनं पांढरं सुती कापड घालून, इस्त्री सुती कापडाच्या खुणेवर ठेवा आणि तीन ते पाच मिनिटं फिरवत राहा. वाफ बंद हवी. ही उष्णताच रंग पक्का करते. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवून हा रंग पक्का होतो ही निव्वळ समजूत आहे. पहिलं धुणं तीन दिवसांनी, थंड पाण्यात, पिशवी उलटी करून.

शिवण आता. मशीनला १४ नंबरची सुई, इंचाला १० टाके. आधी चांगली बाजू बाहेर ठेवून दोन्ही कडा दोन सुतांवर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) शिवा, सुटलेले धागे एक सुतापर्यंत कापा, कापड उलटवा आणि पुन्हा दोन सुतांवर शिवा. कडा आत बंद होतात, पिशवीला धागे सुटत नाहीत. तोंड आधी अर्धा इंच, मग एक इंच दुमडायचं. बंद चौपदरी घडी करून एक इंचाचे होतात. ते बाजूच्या शिवणीपासून साडेतीन इंचांवर, तोंडाच्या दुमडीत टोक घालून, चौकोन आणि त्यात फुली अशा टाक्याने पक्के करा. नुसत्या एका आडव्या शिवणीवर लावलेला बंद भाजीबाजारात पहिल्याच दिवशी उसवतो. इथे बरेच पदर येतात, तेव्हा सुई १६ नंबरची लावा आणि चाक हाताने फिरवा. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला तर लोक बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात. बहुधा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो.

गोधडीबद्दल थोडंच. जुनी सुती लुगडी घ्या. सिंथेटिक साडी सरकते आणि उन्हाळ्यात अंगाला नकोशी होते. नवं कापड ठिगळासाठी लावायचं तर धुतल्याशिवाय लावू नका, ते मागाहून आखडून भोवती चुण्या पाडतं. धावदोरा घालण्यापूर्वी मधून कडेकडे कच्चे टाके हवेतच, ते टाळले की सगळा फुगा मधे जमतो. दोरा हातभरापेक्षा लांब घेतला की गाठी पडतात.

एक छपाईची बाब आपल्याच हातात आहे. नमुना मूळ आकारात छापा, आणि त्याच्या शेजारी दोन इंचांची मोजपट्टी द्या. मोबाइलवरून पान छापून घेणाऱ्याला त्या पट्टीवरून आकार लहान झाला की मोठा ते लगेच मोजता येईल. आता श्रावणात आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीचा आणि पुढे पोळ्याला बैलाचा नमुना येईलच. बैल देताना शिंगांची टोकं तोंडाच्या दुमडीपासून दीड इंच खाली राहतील एवढं बघावं.

आपले,
चित्रकाम आणि शिवणकाम करणारे काही हौशी वाचक, जळगाव