पेल्यातलं कोलेस्टेरॉल

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘हृदयासाठी रोज थोडी’ हा लेख वाचला. खरं म्हणजे अर्धाच वाचला. मधेच फोन आला म्हणून उठले, परत येऊन बघते तर पानाला चौकोनी भोक. आमच्या यजमानांनी कात्री चालवून लेख काढून घेतला होता आणि फ्रिजच्या दारावर, माझ्या गोळ्यांच्या वेळापत्रकाच्या वर, चुंबकाने लावूनही टाकला होता. उरलेला अर्धा त्यामुळे उभ्यानेच वाचावा लागला. या पत्रात कुठे तिरसटपणा जाणवला तर तो गुडघ्यांमुळे आहे असं समजावं.

लेखाची भाषा ओघवती आहे. फोटो तर फारच मोठा आहे. तक्रार एवढीच, की हाच लेख आपण पाच-सहा वर्षांपूर्वी एकदा छापला होता. शब्द वेगळे होते, फोटोतला ग्लास वेगळा होता, पण सांगणं तेच: माफक मद्यपानाने चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, वाढतं आणि ते वाढलं की हृदयाची काळजी मिटली. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग पहिल्याचं बोट धरून आत शिरला आहे.

त्या जुन्या लेखाने आमच्या घरी काय केलं ते सांगते. तेव्हा यजमानांचं एचडीएल 36 होतं, म्हणजे कमी, आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, 190, म्हणजे जास्त. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण चालण्यापेक्षा आपला लेख सोपा होता. वर्षातून दोन-चार वेळा, तेही चारचौघांत घेणारा माणूस रोज संध्याकाळी साडेसातला ‘औषध’ घ्यायला लागला. ‘फक्त साठ मिली’ असं ते सांगत. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आहे. एकदा ते फोनवर बोलत असताना, पाणी घालायच्या आधीच, मी तो ग्लास मोजपात्रात ओतला. 95 मिली भरला.

आता 40 टक्क्यांच्या मद्याच्या 60 मिलीत साधारण 19 ग्रॅम अल्कोहोल असतं. 95 मिलीत 30. अमेरिकेत एक ‘ड्रिंक’ 14 ग्रॅमचं धरतात, ब्रिटनमधलं एक युनिट 8 ग्रॅमचं. म्हणजे यजमानांचा ‘एक’ अमेरिकेत दोन झाला असता आणि ब्रिटनमध्ये जवळजवळ चार. आपल्या लेखात लिहिलं आहे, ‘दिवसाला एक-दोन’. एक-दोन काय? चमचे, ग्लास, बाटल्या? परीक्षेत एखाद्या मुलाने उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापत असे.

दीड वर्षाने रिपोर्ट आला. एचडीएल 47! यजमानांनी भावाला फोन करून आकडा सांगितला. मी खालची ओळ बघितली. ट्रायग्लिसराइड्स 540. त्याखाली एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या रकान्यात आकडाच नव्हता, नुसती एक आडवी रेघ. ती दाखवून मला म्हणाले, “बघ, वाईट कोलेस्टेरॉल शिल्लकच नाही.”

ही रेघ काय असते ते निदान आपण तरी एकदा छापा. बऱ्याच ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, शिवाय ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करायचा, उरेल ते एलडीएल. 1972 सालचं हे सूत्र. ट्रायग्लिसराइड्स 400 च्या वर गेले की ते चालत नाही, म्हणून रकाना रिकामा सोडतात. वाईट कोलेस्टेरॉल जागच्या जागी होतं, फक्त हिशेब करता येत नव्हता. आणि ट्रायग्लिसराइड्स इतके चढायचं एक मोठं कारण त्याच साडेसातच्या ग्लासात होतं. अल्कोहोल आलं की यकृत हातातलं चरबी जाळायचं काम बाजूला ठेवून आधी त्याच्या मागे लागतं. न जळलेली चरबी साठते आणि उरलेली रक्तात सोडली जाते. हा आकडा 500 च्या पुढे चढत राहिला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचाही धोका असतो. आपल्या लेखात ‘ट्रायग्लिसराइड्स’ हा शब्द एकदाही नाही. मी ओळीवर बोट ठेवून शोधला.

त्यानंतर तीन महिन्यांनी एका समारंभात औषधाचा डोस जरा जास्त झाला आणि रात्री दोन वाजता यजमानांनी मला उठवलं. छातीत कबुतर फडफडतंय म्हणाले. मी नाडी धरली. दोन ठोके, मग थांबा, मग चार एकदम, ताल म्हणून नाही. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडणं. सुट्टीत, समारंभात भरपूर प्यायलेली माणसं अशी धडधड घेऊन येतात म्हणून डॉक्टरांनी 1978 सालीच याला ‘हॉलिडे हार्ट’ असं नाव देऊन ठेवलंय. त्याच रात्री त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, किती घेता? यजमानांनी पाकिटातून आपल्या लेखाचं कात्रण काढून त्यांच्या हातात दिलं. डॉक्टर सभ्य होते. त्यांनी ते सगळं वाचलं, उलटं केलं, मागचं बघितलं आणि म्हणाले, “शब्दकोडं बरं आहे.”

पुढचे तीन महिने बाटली बंद. ट्रायग्लिसराइड्स 205 वर आले, रक्तदाब उतरला, नाडी ताळ्यावर आली. एचडीएल मात्र 39 झालं. याचं त्यांना अजून वाईट वाटतं. परवाचा लेख फ्रिजवर चढला तो या 39 मुळे.

एचडीएलचा आकडा वाढवला की हृदय वाचतं, हे इतकं सरळ असतं तर औषध कंपन्यांनी आपल्या लेखकाच्या आधीच हात धुऊन घेतले असते. त्यांनी प्रयत्न केलाच होता. टॉरसेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढलं. पंधरा हजारांवर रुग्णांवर चाचणी चालू होती. औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त व्हायला लागले म्हणून डिसेंबर 2006 मध्ये ती थांबवावी लागली. पुढे नायसिनचंही, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराचंही, तेच. एचडीएल वाढलं, पण स्टॅटिनसोबत, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांसोबत, ते दिल्यावर हृदयाचे झटके काही कमी झाले नाहीत. एचडीएल हा हजेरीपटावरचा आकडा आहे. पट भरला म्हणून वर्गात अभ्यास चाललाय असं कुठल्या शिक्षकाने मानलंय?

आपल्या लेखकाने ‘ताजं संशोधन’ म्हणून फ्रेंच लोकांचा दाखला दिला आहे. लोणी-चीज खाऊनही फ्रेंच माणसाचं हृदय शाबूत, कारण वाइन. हा फ्रेंच संशोधक सर्ज रेनो यांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध 1992 चा आहे. त्या वर्षी मी ज्यांना आठवीत शिकवत होते त्यांचेसुद्धा आता कोलेस्टेरॉल तपासायचे दिवस आलेत.

आणि ‘अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा थोडं पिणारे निरोगी’ हे वाक्य लेखात जाड ठशात आहे. 1988 मध्येच ब्रिटनचे संशोधक शेपर यांनी दाखवून दिलं होतं, की न पिणाऱ्यांच्या रकान्यात पुष्कळसे लोक आजारी पडल्यामुळे सोडलेले असतात. हे कळायला मला ‘लॅन्सेट’ उघडावं लागत नाही, आमचा दिवाणखाना पुरतो. उद्या कोणी पाहणी करायला दारात आलं आणि ‘आपण पिता का?’ म्हणून विचारलं, तर यजमान खरं तेच सांगतील: नाही. मग त्यांची बिघडलेली नाडी, रक्तदाब, सगळं ‘न पिणारे’ या खात्यावर जमा होणार आणि त्यांच्या त्या भावासारखे, ज्यांना अजून काही झालेलं नाही, ते ‘माफक पिणारे’ म्हणून तुलनेत ठणठणीत दिसणार. तो भाऊ परवा फोनवर म्हणालाच, “बघ, मी घेतो आणि मला काही नाही.”

हृदयाच्या झटक्यापुरतं थोड्या मद्याचं नेमकं काय होतं यावर संशोधकांत अजून वाद आहे, हे मला मान्य आहे. रक्तदाब, मेंदूचा झटका आणि नाडीच्या बिघाडाबाबत मात्र जेवढं कमी तेवढं बरं. 2019 मध्ये चीनमधल्या पाच लाख लोकांचा अभ्यास आला. त्यात जनुकांमुळे ज्यांना दारू सोसत नाही त्यांची तुलना ज्यांना सोसते त्यांच्याशी केली होती. थोडी घेतली तर मेंदूच्या झटक्यापासून बचाव होतो, असं त्यात दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी 2023 मध्ये सांगून टाकलं, की निर्धोक म्हणावं असं मद्याचं प्रमाणच नाही. ही बातमी आपणही छापली होती, आतल्या पानावर, दोन इंच. ग्लासाचा फोटो सहा इंचांचा आहे. मोजपट्टी घरी आहे माझ्या.

जाता जाता एक. गेल्या वर्षी माझं पत्र आपण छापलंत, आभार. त्यात मी लिहिलं होतं, ‘बरं वाटलं की रक्तदाबाची गोळी थांबवता येते हा गैरसमज आहे.’ आपण मथळा दिलात: ‘बरं वाटलं की गोळी थांबवता येते’. शेजारच्या बाईंनी जिन्यात गाठून माझे आभार मानले. त्यांना समजावण्यात माझा अख्खा आठवडा गेला. या पत्राला मथळा द्यायचाच असेल तर कृपया मी दिलेलाच द्यावा. जागा कमी असेल तर पत्र छापू नका, पण कापू नका. कापणारे आमच्या घरी आहेत.

कळावे,
आपली एक वाचक

(नाव छापू नये. अंक आधी त्यांच्या हातात पडतो.)