लॅबमधल्या ताईंचे आणि वॉचमनकाकांचे आभार

हार्ट ॲटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली आणि पाचव्या दिवशी बाबांना घरी सोडलं. फाइलमध्ये सगळं होतं, फक्त कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नव्हता. ऑनलाइन मिळेल म्हणाले. पण भरतीच्या वेळी मोबाइल नंबरचा एक आकडा चुकलेला, त्यामुळे ओटीपी भलत्याच कुणाला तरी जात होता. (त्या माणसाचीही माफी मागते.) दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं होतं. बिलिंगवाले लॅबकडे पाठवत होते, लॅबवाले रेकॉर्ड रूमकडे. बाबा हट्टाने सोबत आलेले, जिन्यापाशी घाम पुसत उभे.

वॉचमनकाकांनी काही न विचारता स्वतःची खुर्ची आणून दिली. आणि रक्त घेणाऱ्या ताई, ड्यूटी संपवून पर्स खांद्याला अडकवलेली, तशाच परत आत गेल्या. आयपी नंबरवरून (भरती झालेल्या पेशंटचा नंबर) नोंद शोधली, प्रिंट काढली, चुकलेला मोबाइल नंबरही दुरुस्त करून घेतला.

बाबांचा चष्मा घरी राहिला होता. ताईंनी रिपोर्टच्या मागे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दिलं : 'एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८. ५५ च्या खाली आणायचं.' म्हणाल्या, "ॲटॅकनंतर काही दिवस हा आकडा असतो त्याहून कमी दिसू शकतो. परत कधी तपासायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि कोलेस्टेरॉलची गोळी मनाने बंद करू नका हं काका."

चहालाही थांबल्या नाहीत. नाव विचारायचं राहूनच गेलं.

तो कागद बाबांनी फ्रिजवर लावलाय, मागची बाजू पुढे करून.